गॅस संपत नाही, गळतो: एसी-फ्रीजच्या लाइनमधली माझी पहिली वर्षं

दहावीनंतर मी आयटीआयला 'मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनर' हा दोन वर्षांचा ट्रेड घेतला. पास झाल्यावर सांगलीत एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. आता नवी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, गॅस भरायला किती दिवसांत येतं?" गॅस भरायला दोन दिवसांत येतं. गॅस गेला कुठून, हे शोधायला शिकण्यात माझे दोन उन्हाळे गेले.

पहिल्याच एप्रिलमध्ये एका आजींच्या एसीत मी गॅस टाकून आलो. महिन्याच्या आत त्यांचा फोन, "बाळा, परत गार होईना बघ." परत टाकला. तिसऱ्यांदा मिस्त्री स्वतः आले. त्यांनी दाब मोजायचा गेज बाहेर काढलाच नाही. बाहेरच्या युनिटला बारीक पाइप जिथं जोडतो, तो नट बॅटरीच्या उजेडात दाखवला. बाकी सगळीकडे धूळ कोरडी होती, नटाभोवती मात्र काळपट, चिकट. "गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतंय. तेल दिसलं की तिथं आधी बघायचं." साबणाचा फेस लावला. थोड्या वेळानं एक बुडबुडा फुगला, फुटला, त्याच जागी दुसरा आला. पाइपाची फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं पसरवलेलं तोंड, तिरकी निघालेली होती. मिस्त्रींनी ती कापून नवी काढली आणि आजींचे आधीच्या दोन्ही वेळचे पैसे माझ्यादेखत परत दिले.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद चक्रात फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळालाच. 'दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो' असं गिऱ्हाइकाला सांगणारा एकतर शिकलेला नाही किंवा फसवतोय.

गळती काढली की नायट्रोजननं दाब देऊन तपासायचं. त्यासाठी ऑक्सिजन कधीही वापरू नका, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा 500 मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूम मोजायचं माप) ओढायचा, पंप बंद करून थांबायचं. आकडा चढत राहिला तर आत ओलावा आहे किंवा गळती अजून आहे. त्यानंतर युनिटच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ कॉल असतात, तेव्हा व्हॅक्यूम टाळायचा मोह होतो. पण व्हॅक्यूम टाळू नका, ओलावा कॉम्प्रेसर खातो.

एसीतल्या जुन्या आर-22 गॅसपेक्षा नव्या आर-32 चा दाब दीडपटीहून जास्त, शिवाय तो पेटूही शकतो. घरच्या फ्रीजमधला आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, तो तर सहज पेट घेतो. सिस्टीममध्ये गॅस असताना पाइप जोडायचा आगीचा टॉर्च पेटवायचा नाही. कपॅसिटर मेन स्विच बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतो, तो चार्ज आधी उतरवा. आणि छज्ज्यावर सेफ्टी बेल्टशिवाय पाय ठेवू नका, मालक कितीही घाई करू दे.

कमाईचं सांगायचं तर फेब्रुवारी ते जून जेवायला फुरसत नसते आणि पाऊस लागला की फोन थंड. म्हणून मी दुसऱ्या वर्षापासून तासगावकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची कामं धरली. तिथं मशीन पावसातही चालतं. मोठ्या प्लांटमध्ये अमोनिया असतो. नाकाला झोंबतो, म्हणून गळती लगेच कळते, पण जास्त झाला तर जीवावर बेततो. मास्क कुठं ठेवलाय आणि बाहेर पडायची वाट कुठली, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

हत्यारांत सगळं एकदम घेऊ नका. क्लॅम्प मीटर (तारेतला करंट मोजायला), चांगलं फ्लेअरिंग टूल, पाइप कटर आणि गेज एवढ्यावर वर्ष निघतं. पंप पहिल्या सीझनच्या पैशातून घ्या. आणि मिस्त्री शोधायचा तर जानेवारीतच. एप्रिलमध्ये ते कामाला ठेवतील, पण शिकवायला त्यांना वेळ नसतो.