म्हाडाच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास: या चुका टाळा

नाशिकमधल्या म्हाडाच्या जुन्या वसाहतींत सभा सुरू होते ती "बिल्डर किती देणार?" या प्रश्नाने. गाडी तिथेच रुळावरून घसरते.

जमीन मुळात म्हाडाची. त्यामुळे जमिनीचा भाडेपट्टा आणि इमारतीचं अभिहस्तांतरण (मालकी हस्तांतराचा दस्त) सोसायटीच्या नावावर झालंय का, म्हाडाचं सेवाशुल्क थकलंय का, हे आधी बघा. नाहीतर म्हाडाच्या ना हरकत प्रमाणपत्रासाठी खेटे घालत बसाल. वारसनोंदीही आताच उरका. आमच्या जिन्यातल्या एका घराचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) अजून आजोबांच्या नावावर आहे आणि तिन्ही नातू एकमेकांशी बोलत नाहीत.

दुसरी चूक क्षेत्रफळाची. "वाढीव जागा" म्हणजे कशावर वाढीव? मी घरात टेप लावला तेव्हा कळलं, ज्याला आम्ही वीस वर्षं हॉल म्हणतोय त्यातला साडेतीन फुटांचा पट्टा मंजूर नकाशात गॅलरी आहे. पत्रा ठोकून, स्लायडिंग लावून बंद केलेली. नव्या घराचा हिशोब धरताना ती कुणी मोजत नाही. मंजूर नकाशाची प्रत काढा आणि करारात रेरा या घरबांधणी कायद्याच्या व्याख्येप्रमाणेच कार्पेट, म्हणजे घरातलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र, लिहून घ्या. 'सेलेबल' (जिना, लॉबी वगैरे धरून फुगवलेलं क्षेत्र) हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा.

कुणी घरोघरी फिरून संमतीपत्रांवर सह्या घेऊन गेलंय? घाबरू नका, तेवढ्याने बिल्डर ठरत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार विशेष सर्वसाधारण सभा लागते, तीही १४ दिवस आधी नोटीस देऊन. दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, बिल्डरची निवड सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर व्हावी लागते आणि चित्रीकरणही होतं. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीही त्यातच आहे. ती मागायला लाजू नका.

गोदावरी किंवा नासर्डीच्या काठावर असाल तर आर्किटेक्ट नेमण्याआधी पूररेषेचा नकाशा काढा. त्यात निळी रेषा नेहमीच्या पुराची, लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत किंवा निळ्या-लाल रेषांच्या मधे प्लॉट आला की जोत्याची उंचीच बदलते. २००८ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि कॉर्पस, म्हणजे पुढच्या देखभालखर्चाला हातभार म्हणून बिल्डरकडून घ्यायचा निधी. आज आम्ही जिना झाडायचे नि दिव्याचे पैसे देतो, संपलं. उद्या लिफ्ट, पंप, वॉचमन. पेन्शनवर जगणाऱ्या तळमजल्यावरच्या काकू सभेत एवढंच विचारतात, "मेंटेनन्स किती बसेल?" मेंटेनन्सचा आणि कॉर्पसचा आकडा बिल्डरकडून लेखी घ्या, सॅम्पल फ्लॅट बघायला जायच्या आधी.