क्रिमिनॉलॉजीत रिसर्च करायचाय? सुरुवात आपल्या तालुक्याच्या कोर्टातून करा

बारावीचा निकाल लागला की पोरं विचारतात, क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हेगारीशास्त्र करायचं तर मुंबई नाहीतर दिल्लीच गाठावी लागते का. पुढं जावं लागेलही, पण पाया इथं मराठवाड्यातच होतो. 1958 ला मराठवाडा विद्यापीठ झालं, 1981 ला हायकोर्टाचं खंडपीठ औरंगाबादला आलं, 1994 ला नांदेडचं विद्यापीठ आणि 2017 ला संभाजीनगरात राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झालं, आपल्या आधीच्या पिढीला यातलं बरंचसं मिळालंच नव्हतं.

आधी लॉचा प्रवेश. साध्या लॉ कॉलेजला एमएच सीईटी लॉ ही राज्याची परीक्षा, विधी विद्यापीठाला क्लॅट ही देशपातळीवरची. फी भरायच्या आधी बार कौन्सिलची मान्यता चालू आहे का ते स्वतः बघा, माझ्या ओळखीतल्या एका पोराची दोन वर्षं यातच अडकली होती, त्यामुळं हे मी प्रत्येकाला सांगतोच. कॉलेज बघायला गेलात की लायब्ररीत जा, गुन्हेगारीशास्त्राची पुस्तकं मागा, आणि हा पेपर कोण शिकवतं ते शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा. बिल्डिंगवर जाऊ नका.

आता मुख्य काम. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या लॉ कोर्सला 12 आठवडे इंटर्नशिप लागतेच, ती नुसत्या सर्टिफिकेटसाठी करू नका. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी बघा आणि फौजदारी कोर्टात मागच्या बाकावर बसा, खटला खुला असतो, कुणीही बसू शकतं, फक्त बलात्कार आणि पोक्सोसारख्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) केसेस इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालतात. पुकारा होतो, साक्षीदार आलेला नसतो, पुढची तारीख पडते. पंच, म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार, पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो सही माझी आहे पण पंचनामा माझ्यासमोर झाला नाही, आणि सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करायची परवानगी मागतात. हे महिनाभर वहीत लिहा, तारीख का पडली, पंच कोण होता, शेजारचा की पोलिसांचा नेहमीचा. नावं मात्र लिहू नका. रिसर्चचा प्रश्न या वहीतूनच निघतो, गाईडला विषय मागत बसावं लागत नाही.

मग आकडे. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड या कोर्टांच्या वेबसाइटवर जिल्हावार किती केसेस किती वर्षं पडून आहेत ते फुकट दिसतं. एनसीआरबीचे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वापरताना जपून, एका एफआयआरमध्ये खून आणि चोरी दोन्ही असले तर ते फक्त खूनच मोजतात, त्यामुळं चोऱ्या कमी झाल्या असं लगेच लिहू नका. आधी कुणी काय केलंय ते शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या वेबसाइटवर शोधा, थिसिस अख्खे वाचायला मिळतात.

1 जुलै 2024 पासून नवीन फौजदारी कायदे लागू झालेत. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञ जाणं हळूहळू बंधनकारक होतंय, मग परभणी-हिंगोलीच्या आडगावात तो किती तासांनी पोचतो, तोवर जागा कोण राखतं, हा एकच प्रश्न एलएलएमच्या, म्हणजे लॉमधल्या मास्टर्सच्या प्रबंधाला पुरेल. संभाजीनगरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथल्या शिक्षकांना जाऊन भेटा.

एलएलएम झालं की प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा द्या, क्रिमिनॉलॉजी हा त्यात वेगळा विषय आहे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे, मद्रास विद्यापीठात क्रिमिनॉलॉजीचा विभाग आहे. मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या.