समुद्रकाठाने दोघांनी घालवायचा एक निवांत दिवस

एक दिवस समुद्रकाठाने सावकाश भटकायचे असे दोघांनी ठरवले, की सहसा आधी नकाशा उघडला जातो आणि वाटेतल्या ठिकाणांची यादी वाढत जाते. माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. किनाऱ्यावरचा दिवस भरती-ओहोटीच्या हिशेबाने चालतो. म्हणून त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहाव्यात आणि मगच ठिकाणे निवडावीत, तीही दोन, फार तर तीन. त्यांतले एक एकाने आणि दुसरे दुसऱ्याने निवडावे, आणि तेच का, याची कारणे विचारू नयेत.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. याचा अर्थ असा, की गेल्या रविवारी सकाळी ज्या पुळणीवर मनसोक्त चाललो, ती या रविवारी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि तितकेच दूर ओसरते. ओल्या खडकांतली डबकी, त्यांतले चिमुकले मासे आणि दगडाला चिकटलेले शिंपले पाहायचे असतील, तर उधाणाची ओहोटी साधावी.

लांबवर चालायचे असेल, तर पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघावे आणि पाणी सर्वांत खाली गेले, की परतीला लागावे. भरतीचे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते जागचे हललेले वाटत नाही, मात्र तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून एकूण चढाच्या जवळजवळ निम्मे पाणी येते. एकदा आम्ही दोघे खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर गप्पा मारत बसलो होतो. पाणी दूर दिसत होते म्हणून आणखी थोडा वेळ बसलो, आणि परतताना त्याच टोकाशी मांडीभर पाण्यातून, एकमेकांचा हात घट्ट धरून, निसरड्या दगडांवर पाय चाचपत यावे लागले. तेव्हापासून मागे कडा आणि पुढे पाणी अशा जागी भरती सुरू झाल्यावर आम्ही थांबत नाही.

बसायची जागा निवडताना वाळूवरची भरतीची खूण शोधावी. वाळलेले शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांचे तुकडे यांची एक वेडीवाकडी रेघ किनाऱ्याला समांतर पसरलेली असते. आदल्या भरतीचे पाणी तिथवर आलेले असते. चटई त्या रेघेच्या वरच्या अंगाला पसरावी. चालताना मात्र पाण्यालगतचा ओला, घट्ट पट्टा धरावा, कारण कोरड्या वाळूत पाय रुततो आणि तेवढ्याच अंतराला कितीतरी अधिक दम लागतो. दोघांपैकी जो सावकाश चालतो, त्याच्या चालीने दोघांनी चालावे.

पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते उभे राहून लाटा पाहाव्यात. फुटणाऱ्या पांढऱ्या लाटांच्या मध्येच एखादा सपाट, गडद, शांत दिसणारा पट्टा असेल, तर तिथे जाऊ नये. किनाऱ्यावर आलेले पाणी बहुधा त्याच वाटेने जोराने परत फिरत असते. त्यात कोणी सापडलेच, तर किनाऱ्याकडे थेट पोहत येण्याची धडपड न करता तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहून त्या ओढीतून बाहेर पडावे आणि हात हलवून मदत मागावी. दुसऱ्याने मागोमाग उडी मारू नये. जीवरक्षकाला बोलवावे आणि तरंगणारी वस्तू फेकावी.

दुपार सावलीसाठी राखून ठेवावी. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून खारे वारे येऊ लागतात. त्या गारव्यामुळे ऊन जाणवत नाही, पण कातडी भाजतच असते. म्हणून सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावे आणि पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. जेवण, वाचन, डुलकी, न बोलता शेजारी बसणे, हे सगळे याच वेळात करावे. या दोन-तीन तासांत आणखी एक ठिकाण बसवण्याचा मोह होतो, आणि सहलीचा निवांतपणा नेमका तिथेच हरवतो.

गाडीने जात असाल, तर जाताना किनाऱ्याचा रस्ता घ्यावा. वाहने डावीकडून चालतात त्या देशात समुद्र डाव्या हाताला राहील अशी दिशा निवडल्यास रस्ता न ओलांडता थांबता येते. गाडी चालवणाऱ्याला समुद्र फारसा दिसत नाही, म्हणून शक्य असल्यास अर्ध्या वाटेवर जागा बदलावी.

सूर्यास्त पाहायचा, तर अर्धा तास आधी जागेवर असावे आणि सूर्य बुडाल्यावर लगेच उठू नये, कारण आकाशाचे सर्वांत गहिरे रंग बरेचदा त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत उमटतात. निघण्यापूर्वी गाडीची पुढची काच गोड्या पाण्याने धुऊन पुसावी. दिवसभराच्या खाऱ्या वाऱ्याने तिच्यावर मिठाचा पातळ थर बसलेला असतो. उजेडात तो दिसत नाही, पण अंधारात समोरून दिवे आले, की सगळी काच धुरकट पांढरी होते.