प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला सांभाळणाऱ्या घराला दोन तास मोकळे कसे मिळवून द्यावेत

‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणणारे या घरांना पुष्कळ भेटतात. त्यातून घडत काही नाही, कारण काय सांगायचं हे ठरवण्याचं कामही पुन्हा थकलेल्या आईवरच येऊन पडतं. त्याऐवजी ‘दर शनिवारी चार ते सहा मी येईन’ असं म्हणा. वार आणि वेळ पक्की असली की आईला स्वतःच्या दुखऱ्या दाताची वेळ घेता येते आणि मुलालाही कोण येणार हे आधी कळतं. (आईच्या जागी वडील, बहीण किंवा भाऊ असले तरी पायऱ्या त्याच.)

१. पहिल्या तीन भेटींत आईला घराबाहेर पाठवू नका

पहिल्या भेटीत फक्त बघा. दुसऱ्या भेटीत कामं तुम्ही करा, आई त्याच खोलीत बसेल. तिसऱ्या भेटीत आईने २० मिनिटं शेजारच्या खोलीत थांबावं. मग घराबाहेर अर्धा तास, नंतर तास, नंतर दोन तास. पहिल्याच दिवशी आईला बाहेर पाठवायची घाई बऱ्याच ठिकाणी नडते. अनोळखी माणूस समोर आणि आई गायब, म्हटल्यावर मुलगा घाबरतो, ओरडतो, आईला फोन जातो. ती धावत परत येते आणि पुन्हा बाहेर पडायचं नावच काढत नाही.

२. मुलाच्या सवयी आणि औषधांची वही तुम्ही लिहा, आईने फक्त सांगावं

‘तुम्ही दिवसभर काय काय करता?’ असं विचारलं तर ‘विशेष काही नाही’ हेच उत्तर मिळेल. वर्षानुवर्षं हाताला सवय झालेली कामं आठवून सांगता येत नाहीत. म्हणून सकाळी डोळे उघडल्यापासून एकेक गोष्ट विचारत चला. पाणी हवं असेल तर तो काय करतो? दुखत असेल तर कसं ओळखायचं? ‘दात घासायला मदत लागते’ एवढं पुरत नाही. ‘पेस्ट लावून ब्रश हातात द्यावा, डावीकडची वरची बाजू राहते, तिथे हाताला हात लावून दाखवावं’ असं लिहा.

पहिल्या पानावर औषधांची नावं, मात्रा, वेळा, ॲलर्जी, वजन, डॉक्टरांचा फोन आणि अलीकडचा फोटो. पानावर तारीख हवीच. औषध बदललं की जुनं पान फाडून टाका; मात्रा बदलल्यावरही तेच पान वापरात राहणं हे पान नसण्यापेक्षा घातक. फिटची गोळी चुकली तर मनाने दुप्पट देऊ नका, आणि ‘आता बरा आहे’ म्हणून बंदही करू नका. अचानक बंद केल्याने जोरदार फिट येऊ शकते. चुकलेल्या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा.

३. मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोला

तो ३५ वर्षांचा आहे, ‘बाळ’ नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा. उत्तर येण्याआधीच प्रश्न पुन्हा विचारला, तर त्याला सुरुवातीपासून विचार करावा लागतो. ‘हो ना?’ असं विचारू नका. समोरच्याला बरं वाटावं म्हणून पुष्कळजण ‘हो’ म्हणून टाकतात. त्याऐवजी दोन वस्तू समोर धरून कोणती हवी ते विचारा. जरा वेळाने जागा बदलून पुन्हा विचारा, म्हणजे निवड खरी आहे का ते कळेल. शर्टाची बटणं लावत असाल तर शेवटचं बटण त्याच्यासाठी ठेवा. ते जमलं की शेवटची दोन.

४. जेवण आणि फिट

खाताना खोकला येणं, डोळ्यांत पाणी, आवाज घोगरा आणि ओलसर होणं, हे घास श्वासनलिकेकडे जात असल्याचं लक्षण असू शकतं. ताठ बसवा, छोटे घास द्या, जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. असं वारंवार होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्यायलाच हवी.

फिट आली तर आधी घड्याळ बघा. आजूबाजूच्या टणक वस्तू हटवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही नाही. ५ मिनिटांत थांबली नाही, शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, श्वास घ्यायला त्रास झाला, मार लागला किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

५. वागणं अचानक बदललं तर आधी दुखणं शोधा

शांत माणूस डोकं आपटू लागला, जेवण टाकू लागला, तर ‘त्यांचं असंच असतं’ म्हणून सोडून देणं ही फार मोठी चूक आहे, आणि ती दवाखान्यातही होते. दात, कान, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, छातीत जळजळ, मुलींमध्ये पाळीचं दुखणं, हे सगळं आधी तपासा. किती वाजता झालं, त्याआधी काय घडलं, झोप किती झाली, शौचाला शेवटचं कधी झालं, हे वहीत लिहा. डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो.

डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतल्या फरकामुळे जन्मतःच असलेली स्थिती) असेल तर थायरॉइडची तपासणी नियमित हवी. या व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंश चाळिशीतच सुरू होऊ शकतो. म्हणून तिशीतच जिना चढणं, शर्ट घालणं, घरातल्यांची नावं सांगणं यांचा छोटा व्हिडिओ करून ठेवा. पुढे काय हरवलं हे सांगायला दुसरा पुरावा नसतो.

६. परतताना

ठरल्या वेळेपर्यंत थांबा. वहीत तीन ओळी लिहा: काय खाल्लं, शौच-लघवी, मनःस्थिती. आईच्या पद्धतीवर टीका नको. ती दोन तास नुसती झोपली तरी त्या तासांचं सोनंच झालं.

सहा महिने नीट गेले की एक रात्र तुमच्या घरी मुक्काम ठरवा. त्याची उशी आणि पांघरूण सोबत आणा, औषधं मूळ पाकिटातच असू द्या. आई-वडिलांपैकी कोणी अचानक इस्पितळात दाखल झालं, तर ती त्याची परक्या घरातली पहिली रात्र असता कामा नये.