फिशआय कॅमेरा कॅलिब्रेट करताना या चुका टाळा

फिशआय म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी, पण कडेला सरळ रेघा वाकवणारी लेन्स. चौकोनांच्या बोर्डाचे फोटो काढून तो वाक मोजायचा, म्हणजे चित्र सरळ करता येतं, हे कॅलिब्रेशन. बिघडलेलं कॅलिब्रेशन घेऊन कुणी आलं की मी आधी फोटोंचं फोल्डर मागतो. बहुतेक वेळा तेच दिसतं: वीस फोटो, आणि विसांतही बोर्ड मधोमध. अहो, लेन्सची खरी वक्रता कडेला असते, मधे नाही!

एका गोदामातल्या रोबोटवर १६० अंशांची लेन्स होती. रिप्रोजेक्शन एरर (बोर्डावरच्या चौकोनांचे कोपरे फोटोत सापडले ती जागा आणि गणित सांगतं ती जागा, यांतला फरक) ०.३ पिक्सेल आली, आम्ही खूश झालो. पण सरळ केलेल्या चित्रात दाराची चौकट मधे सरळ आणि कडेला धनुष्यासारखी. दोन दिवस कोड चाळला. दोष फोटोंत होता. रिप्रोजेक्शन एरर फक्त सापडलेल्या कोपऱ्यांवर मोजली जाते. जिथे बोर्ड गेलाच नाही, तिथलं गणित कितीही भरकटलं तरी आकडा गोडच दिसतो. कडेचे चाळीस फोटो नव्याने काढले. एरर वाढून ०.५ झाली आणि चौकट सरळ झाली.

तेव्हापासून सगळ्या फोटोंत सापडलेले कोपरे मी एकाच कोऱ्या चित्रावर ठिपक्यांनी मांडतो. कडा रिकाम्या दिसल्या तर पुढे जातच नाही. साधा चेसबोर्ड कडेला थोडा कापला गेला की सहसा ओळखलाच जात नाही, म्हणून मी शारुको बोर्ड (चौकोनांत ओळखखुणा छापलेला चेसबोर्ड) वापरतो. तो अर्धा दिसला तरी चालतो. आणि बोर्ड तिरका धरा, समोरासमोर धरून फोकल लेंग्थ नीट निघत नाही.

दुसरी चूक घाईची: साध्या कॅमेऱ्याच्या गणिती मॉडेललाच के१, के२, के३ हे वाक दुरुस्त करणारे गुणांक जोडून ताणत बसणं. त्या मॉडेलमध्ये चित्राच्या केंद्रापासूनचं अंतर कोनाच्या टॅन्जंटप्रमाणे वाढतं, म्हणजे लेन्सच्या अक्षापासून ९० अंशांवर अनंत. १८० अंशांच्या लेन्सची कड त्यात बसणारच कशी? ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत फिशआयचं वेगळं मॉड्यूल आहे, थेट कोनावर बेतलेलं, चार गुणांकांचं. पहिल्या दिवसापासून तेच घ्या.

बोर्ड कागदावर छापून पुठ्ठ्याला डकवू नका, तो वाकतो. मी काचेवर चिकटवतो. बोर्डाचं माप ९×६ देताना मोजायचे ते आतले कोपरे, चौकोन नव्हेत. ॲक्शन कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बंद करा, ते दर फ्रेमला चित्र वेगळं कापतं. ऑटोफोकसही बंद.

शेवटी भिंत आणि छत जिथे मिळतात ती रेघ फ्रेमच्या अगदी काठाला घेऊन मी एक फोटो काढतो, सरळ करतो आणि स्क्रीनला स्टीलची पट्टी लावून बघतो. रेघ पट्टीला लागली नाही, तर फोटो पुन्हा.