आर्किटेक्चरल लायटिंगमध्ये नवीन असाल तर आधी आरजीबी समजून घ्या

माझा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, तिथून फसाड लायटिंगमध्ये, म्हणजे इमारतींचा दर्शनी भाग उजळण्याच्या कामात आलो, त्यामुळे रंगांबद्दल डोक्यात काय होतं तर शाळेतल्या चित्रकलेचं लाल-पिवळा-निळा. इथे सगळं उलटं चालतं. पेंट मिसळत गेलं की शेवटी मळकट काळपट होतं, उजेडात रेड ग्रीन ब्लू (हेच आरजीबी) एकत्र आले की पांढरं होतं आणि रेड अधिक ग्रीन म्हणजे चक्क पिवळा. वाचून पटत नाही हे. म्हणून टीममध्ये नवीन आलेल्या मुलांना मी आधी एकच सांगतो, साधा आरजीबी वॉल वॉशर (भिंतभर उजेड टाकणारा दिवा) पांढऱ्या भिंतीवर मार, तिन्ही फुल कर आणि मध्ये हात धर. हाताच्या कडेला रंगीत सावल्या पडतात, ग्रीन अडला तिथे गुलाबी-जांभळी, रेड अडला तिथे आकाशी, ब्लू अडला तिथे पिवळी. म्हणजे मिक्सिंग फिक्श्चरमध्ये (दिव्याच्या युनिटमध्ये) नाही, भिंतीवर होतंय. वेगवेगळ्या रंगांच्या एलईडी चिप्स लांब लांब असलेलं फिक्श्चर भिंतीला अगदी चिकटवून लावलं की खाली रंगांचे पट्टे दिसतात ते याचमुळे, सगळ्या चिप्स एकाच लेन्सखाली असतील तर हा त्रास खूप कमी होतो.

आता आरजीबीने पांढरं मिळतं तर आरजीबीडब्ल्यू कशाला घ्यायचं, हा प्रश्न इंटरव्ह्यूला हमखास येतो. डब्ल्यू म्हणजे वेगळी व्हाइट एलईडी, आत निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडाचा काही भाग पिवळ्यात बदलणारा थर). आरजीबीच्या पांढऱ्यात तीनच टोकदार रंग असतात, मधला भाग जवळपास रिकामा, त्यामुळे भिंत ठीक दिसते पण त्याच उजेडात लाकूड किंवा माणसाचा चेहरा बघा, विचित्र दिसतो. ही रिकामी जागा भरायलाच डब्ल्यू असतो, आणि काही फिक्श्चर्समध्ये अंबर (पिवळसर केशरी) किंवा लाइम (पिवळसर हिरवा) एलईडीही टाकतात.

सगळ्यात डोकं खातो तो केशरी! १५ ऑगस्ट जवळ आला की सीएसएमटी तिरंग्यात उजळतं, मग प्रत्येक सोसायटीला आणि ऑफिसला तेच हवं असतं. क्लायंट मोबाइलवर केशरी दाखवतो, आपण त्याचा कोड काढतो २५५-१५३-५१ (रेड-ग्रीन-ब्लू, प्रत्येकी २५५ पैकी), कंट्रोलरवर तसाच टाकतो आणि भिंतीवर येतो फिकट पिवळा. कारण स्क्रीन ते आकडे स्वतःच्या कर्व्हमधून दाखवते, म्हणजे मधल्या आकड्यांना प्रत्यक्षात उजेड बराच कमी देते, आणि बरीच फिक्श्चर्स सरळ हिशोबाने चालतात, त्यांच्यासाठी १५३ म्हणजे खरंच ६० टक्के ग्रीन. गणिताने ग्रीन ८०च्या आसपास आणि ब्लू ८ येतो, मी तर ब्लू शून्यच ठेवतो आणि ग्रीन तिथून डोळ्याने खाली आणतो. क्लायंटला मोबाइल खिशात ठेवायला सांगायचं, गोड बोलून.

दगडाचंही बघा. फोर्टातल्या बऱ्याच जुन्या इमारतींना पिवळसर मालाड स्टोन आहे, त्यावर वॉर्म आणि अंबर सुंदर खुलतो, निळा मात्र मरतो. काळा बसाल्ट तर उजेड गिळूनच टाकतो, तिथे लॅपटॉपवरच्या रेंडरवर अजिबात जाऊ नका, साइटवर रात्री मॉकअप लावूनच बघा.

अजून एक, फिक्श्चर चालू केल्या केल्या रंग फायनल करू नका. गरम झाल्यावर लाल एलईडीचा उजेड निळ्या-हिरव्यापेक्षा जास्त घटतो, मग सेट केलेला केशरी हळूच पिवळ्याकडे सरकतो. चांगल्या फिक्श्चरमध्ये ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) हे सांभाळून घेतो, पण तरी तापू द्या आणि मगच सीन (रंगांची ठरवलेली सेटिंग) सेव्ह करा.

डीएमएक्स, म्हणजे कंट्रोलरकडून फिक्श्चर्सना रंगांचे आकडे पाठवायची पद्धत, आठवडाभरात हाताला बसतं. एका युनिव्हर्समध्ये (सिग्नलच्या एका संचात) ५१२ चॅनल, एका रंगाला एक, आरजीबीडब्ल्यूला ४ लागतात म्हणजे १२८ फिक्श्चर, पण स्प्लिटरशिवाय (सिग्नल अनेक लाइनमध्ये वाटणारा डबा) एका लाइनवर ३२च्या पुढे जायचं नाही आणि शेवटच्या फिक्श्चरला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) लावायचा. तो नसेल तर लाइट मध्येच फडफडतात आणि लोक उगाच ड्रायव्हर बदलत बसतात.