लाकडी धनुष्य बनवताना या चुका टाळा

माझं पहिलं धनुष्य चोवीस इंच ओढीला फटकन मोडलं आणि वरचा तुकडा डोक्यावरून गेला. दोन्ही तुकडे अजून ठेवलेत, कारण कुठे काय बिघडलं ते मोडलेल्या धनुष्यावर सरळ वाचता येतं. धनुष्य ओढलं की त्याची पाठ, म्हणजे निशाण्याकडची बाजू, ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. पाठीवरून लांब ढलपी उचकटली असेल तर तिथे लाकडाचे तंतू आधीच तुटलेले होते. पोटावर आडव्या, केसासारख्या सुरकुत्या दिसल्या तर त्या जागी तुम्ही लाकूड जास्त काढलं. माझ्या तुकड्यावर लांबलचक ढलपी आहे.

म्हणजे खोट फळी निवडतानाच होती. फळीची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, टोकापासून टोकापर्यंत सलग हवी, आणि ती वरून बघून भागत नाही, कडेनेही बघायची. मी फक्त वरून बघितली. कडेला रेषा तिरपी बाहेर पडत होती. ओंडका फोडून करणार असाल तर पाठीवर एकच वर्षवलय अखंड ठेवायचं. अॅश, हिकरी, मेपल यांच्यात साल जपून सोलली की खालचं वलय आयतंच मिळतं. त्याला रंधा लावण्याचा मोह आवरा. गाठ आली तर ती सपाट करू नका, भोवती थोडा उंचवटा राहू द्या.

ओलं लाकूड मोडत नाही, ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं. दोरी काढल्यावर इंच-दीड इंच वाक राहिला तर चालतं. तीन इंच राहिला तर लाकूड ओलं होतं किंवा तुम्ही आधीच फार ओढलंत. लाकडातली ओल साधारण ८ ते १० टक्के हवी. मीटर नसेल तर ढोबळ आकार काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की ते भोवतालच्या हवेशी जुळलं. ओल्या ओंडक्याच्या टोकांना फोडल्या दिवशीच गोंद किंवा रंग फासा, नाहीतर टोकाकडून भेगा पडतात. हीटरजवळ ठेवून घाई केली तर लाकूड गरजेपेक्षा सुकतं आणि काचेसारखं तडकतं.

पहिलं धनुष्य आखूड करू नका. २८ इंच ओढ असेल तर ६६ ते ६८ इंच लांबी धरा. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओत्झी या प्राचीन माणसाची उंची सुमारे १.६० मीटर होती, आणि त्याच्याजवळचं यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं अर्धवट धनुष्य १.८२ मीटरचं.

आता टिलरिंग, म्हणजे धनुष्याचे दोन्ही बाहू (मुठीच्या वरचा आणि खालचा भाग) सारखे वाकावेत म्हणून पोटाकडून थोडं थोडं लाकूड काढत जाणं. बहुतेक धनुष्यं इथेच जातात. जाडीचं गणित फसवं आहे: रुंदी अर्धी केली तर ताठपणा अर्धा होतो, पण जाडी अर्धी केली तर तो एक अष्टमांश उरतो. नुसती दहा टक्के जाडी काढली तरी सुमारे सत्तावीस टक्के, म्हणजे पाव हिश्शापेक्षा थोडा अधिक ताठपणा जातो. म्हणून आकार जुळत आला की कानस खाली ठेवा आणि स्क्रेपर, म्हणजे लाकूड पातळ खरवडणारं पातं, घ्या. चार-पाच हात फिरवले की धनुष्य कमी ओढीवर वीस-तीस वेळा ओढा. काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही, या ओढण्यानंतर दिसतो. ही पायरी गाळून पुन्हा स्क्रेपर लावला की हमखास जास्त निघतं.

एकाच जागी कोपर दुमडल्यासारखा वाक दिसला तर त्या जागेला पुन्हा हात लावू नका. तिथे पेन्सिलने फुली मारा आणि दोन्ही बाजूंचं ताठ लाकूड कमी करा. वाक जुळेपर्यंत पुढे ओढायचं नाही. ४० पौंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला ४० पौंड जोर लागणारं धनुष्य हवं असेल तर ओढ मोजणाऱ्या काट्यावर ४० पौंड दिसताच थांबा, ओढ १५ इंचच झाली असली तरी. आणि ताणून अडकवलेलं धनुष्य न्याहाळत बसू नका. फोटो काढा, सोडा, मग फोटो बघा. दोर कप्पीवरून घेऊन बाजूला उभं राहून ओढा, डोळ्यांवर चष्मा हवाच.

दोरीच्या खाचा पाठीवरून आडव्या कापू नका, बाजूंनी तिरप्या घासा. बाण न लावता दोरी कधी सोडू नका.

सगळं करून पौंड कमीच भरले तर धनुष्य वाया गेलेलं नाही. दोन्ही टोकांकडून एकेक इंच कापा, नव्या खाचा करा, दोरी तेवढी आखूड करा. ओढायला लागणारं वजन थोडं वर येतं. मात्र टिलर पुन्हा पहिल्यापासून तपासा.